पुढच्या सीटवरचा गुलाल

वैमानिकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनं विमान विकत घेतलं. घरी सांगितलं तेव्हा बायको मेथी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"किती माणसं बसतात?"

दोन, एकामागे एक, असं मी सांगितलं. डोक्यावर छप्पर नाही. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, मध्ये खांब आणि तारा. सांगाड्यावर कापड ताणून रंगवलेलं.

"म्हणजे मांडवच की," ती म्हणाली.

विमान एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये होतं. पंख सोडवून ते ट्रकनं कोल्हापूरला आणलं. नवं कापड चढवलं, इंजिन उघडून पुन्हा बसवलं. त्यानंतर परवानग्या. दुरुस्तीपेक्षा त्यालाच जास्त वेळ लागला. याच काळात एका हॉटेलवाल्यानं विमान शोभेसाठी लॉनवर उभं करायला मागितलं. बायकोला तो माणूस शहाणा वाटला. तिनं अट घातली: एकदा उडवून दाखवायचं. ते पाहून तिला स्वतः बसावंसं वाटलं तर विमान राहील, नाहीतर लॉनवर जाईल. "तुम्ही एकटे वर आणि मी खाली मान वर करून, हे मला जमायचं न्हाय," असं कारण दिलं. ते मला मान्य करावं लागलं.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी शिरोळहून मेहुणा आला. त्याची ऊसशेती आहे. घरात कुठलंही वाहन आलं की पूजा तोच करतो. हँगरमध्ये शिरताना हातात नारळ आणि कापूर होता. विमानाभोवती एक फेरी मारून तो पुढच्या पंख्यासमोर थांबला.

"दाजी, नारळ ह्याच्यावरच फोडायचा न्हवं?"

देखभालीचा अभियंता मध्ये आला. "पावणं, लाकडी आहे तो. एक टवका उडाला की विमान इथंच."

"आमच्या ट्रॅक्टरला दरसाल फोडतोय. काय हुतंय?"

"ट्रॅक्टर उडतो का?"

"ह्यानं उडवलाय की," बायको म्हणाली. "बांधावरनं थेट ओढ्यात."

"अक्का, त्यो विषय आता कशाला?"

नारळ हँगरबाहेरच्या दगडावर फुटला. कापूर तिथंच जळला. पूजा संपली असं मी समजलो.

चालवणारा मागच्या सीटवर बसतो. पुढची रिकामी असेल तर तिचे पट्टे बांधून ठेवावे लागतात. ते बांधले, तपासले आणि मागं बसलो. तेवढ्यात मेहुणा पुढच्या सीटवर वाकला. पाया पडत असावा. अभियंत्यानं पंखा हातानं फिरवला आणि दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

धावपट्टीवर वेग आला, शेपटी उचलली गेली आणि पुढच्या सीटमधून गुलाबी ढग वर आला. वाऱ्यानं तो सरळ माझ्या तोंडावर आणला. चव ओळखीची होती. हातमोज्यानं गॉगल पुसला, तर गुलाल काचभर पसरला. तोवर चाकांनी जमीन सोडली होती.

इंजिनाचा आवाज एकसारखा होता. तेलाचा दाब बरोबर होता. मी कडेनं खाली पाहत एक फेरी घेतली. बरंचसं गुलाबीच दिसलं. गडमुडशिंगी गावाच्या पलीकडं मात्र गुळाचा वास आला, काहिलीत उकळणाऱ्या रसाचा, वारा कापत थेट नाकात. खाली कुठंतरी गुऱ्हाळ सुरू होतं. इतक्या उंचीवर तो येईल असं वाटलं नव्हतं. बंद विमानात तो कळलाही नसता. एक फेरी पुरे होती. मी आणखी एक मारली.

खाली काय झालं ते नंतर समजलं. बायकोला विमानातून गुलाबी धूर निघताना दिसला. तिनं अभियंत्याकडं पाहिलं. तो आग विझवायचं नळकांडं घेऊन पळत सुटला होता. मेहुणा मात्र जागचा हलला नव्हता.

"काय केलंस?" तिनं भावाला विचारलं.

"गुलाल हाय अक्का. जोतिबाचा. नारळ न्हाय म्हणालासा, गुलाल कोण न्हाय म्हणालं?"

माझ्या दोन्ही फेऱ्या पूर्ण होईपर्यंत ती त्याला बोलत होती.

उतरून मी गॉगल काढला. डोळ्यांभोवतीची दोन वर्तुळं सोडून सगळा चेहरा गुलाबी होता.

"दाजी, निवडून आल्यागत दिसताय की!" मेहुणा म्हणाला.

बायको हसली नाही. जवळ येऊन पुढच्या सीटमध्ये डोकावली. "वर काय दिसलं?"

"निम्मंच. गॉगल भरला होता. पण गुळाचा वास आला."

"वरपर्यंत?"

"वरपर्यंत."

तिनं माझ्या हातातून गॉगल घेतला आणि पदरानं पुसायला सुरुवात केली. दोन्ही काचा स्वच्छ झाल्यावर तो उजेडात धरून पाहिला.

"तुम्हाला दिसलंच न्हाय म्हटल्यावर मलाच बघाय पायजे," ती म्हणाली. "आधी ती सीट झाडून घ्या."

हॉटेलवाल्याला मी त्याच संध्याकाळी नकार कळवला. अभियंत्यानं सीट काढून खालचा गुलाल व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घेतला, तारांवरचा पुसला. पुढच्या आठवड्यात बायको बसली. आता बहुतेक रविवारी बसते. गुऱ्हाळांचा हंगाम असला की हात लांब करून दिशा तीच दाखवते.

शिवणींतला गुलाल अजून संपलेला नाही. उतरल्यावर तिच्या कानामागं गुलाबी रेघ असते. मेहुणा असला तर ती रेघ पाहतो आणि फडकं घेऊन सीट झाडायला लागतो.