टेकडीवरचे उपटसुंभ

टेकडीवर काम करणाऱ्या माणसाच्या पायात काटे साठतात आणि पोटात किस्से. काटे चिमट्यानं निघतात. किस्से मात्र चार माणसं जमून चहा आला, की आपोआप बाहेर पडतात! काल तसंच झालं, म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं.

गोष्ट नांदूरघाटची. गावात एसटीडी बूथ नवा होता आणि केबल नुकतीच आली होती. मी शाळेत सायन्स शिकवायचो. गावामागच्या टेकडीवर गवत, हिवर, बोरी, तितर, ससे असं जे मूळचं उरलं होतं, ते राखायला आम्ही चौघांनी मंडळ काढलं. अध्यक्ष आप्पा. त्यांचं किराणा दुकान, स्वभाव कडक, आवाज त्याहून कडक. दुसरे बूथवाले रशीदभाई. तिसऱ्या गोदाबाई, त्यांच्या शेळ्यांना टेकडीचा दगडनदगड पाठ. आणि चौथा मी, नुसता पुस्तकातला शहाणा.

*

पहिल्याच रविवारी आम्ही वेडी बाभूळ आणि घाणेरी उपटायला घेतली. ही दोन्ही बाहेरची. एकदा पसरली की खाली गवताची काडी उगवू देत नाहीत. पण हे आम्हाला ठाऊक, गावाला कुठं? गावाला दिसलं ते एवढंच, की चार शहाणी माणसं भर उन्हात हिरवी झाडं उपटतायत.

कुणीतरी तक्रार केली. तासाभरात हवालदार सायकल ढकलत, धापा टाकत वर आले.

"कोण बे तुमी?"

आप्पांनी छाती काढून सांगितलं, "वृक्षमित्र मंडळ!"

हवालदारांनी उपटलेल्या ढिगाकडे बघितलं, मग आमच्याकडे. "मित्र असले, तर शत्रू लई बरे की!"

मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. जाताना त्या ढिगातली एक मोळी कॅरिअरला बांधली. आप्पांनी विचारलं, "हे कशाला?"

"पुरावा नको का?"

*

एका पावसाळ्यात गावानं टेकडीवर एका पुढाऱ्यांचा कार्यक्रम ठेवला. आम्हाला वाटलं, बरं झालं, साहेबांच्या तोंडून चराईबंदीचं चार लोकांच्या कानावर पडेल. साहेब जीपमधून उतरले आणि चहूकडे बघायला लागले. गुडघ्याएवढं मारवेल आणि पवन्या गवत वाऱ्यावर डुलत होतं. मला तर ते बघून भरून आलं होतं.

"झाडं कुठंयत?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे गवतच आमचं काम," मी म्हणालो.

"म्हणजे गवत बघायला मला इतक्या लांबून बोलावलं?"

सरपंचांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून गोदाबाई म्हणाल्या, "साहेब, सकाळी चहा बिनदुधाचा घेता का वो?"

साहेब हसले म्हणून आम्ही वाचलो! भाषणात तेच वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून दोनदा वापरलं. गोदाबाईंनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

*

मला गावरान बाभळीचं बी रुजवायचं होतं. कवच कठीण, लवकर फुटत नाही. मी पुस्तक वाचून उकळत्या पाण्यात बी भिजवलं, ब्लेडनं खरवडलं, बोटं कापून घेतली. उगवली मोजून तीन रोपं.

गोदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "गुर्जी, कावून जिवाला तरास? शेंगा शेळ्यास्नी घाला. रातभर रवंथ करत्यात, सकाळी गोठ्यात बी तयार!"

खरंच होतं. मग आम्ही गोठ्यातलं ते बी लेंड्यांसकट पोत्यात भरायला लागलो. ठेवायचं कुठं? माझी बायको दारात उभी राहिली. आप्पांनी दुकानात शेंगदाण्याशेजारी ठेवायला साफ नकार दिला. राहता राहिला रशीदभाईंचा बूथ.

काचेची केबिन, आत फोन, फोनखाली पोतं! एक गृहस्थ पुण्याला जावयाशी बोलत होते. बोलता बोलता नाकाला रुमाल लावला आणि चार वाक्यांत फोन आटोपला. बाहेर येऊन कावले, "भाई, पोत्यात काय हाय बे?"

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "जंगल."

त्या गृहस्थांनी खात्री करायला पोत्यात हात घातला. पुढचं मी सांगत नाही.

*

दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जायचं. गोदाबाईही जायच्या. सासू आणि शेळ्या शेजारणीच्या भरवशावर, टेकडी आमच्या. एका संध्याकाळी बूथवर त्यांचा फोन आला. लांब कारखान्याच्या गावातून, रांगेत उभं राहून लावलेला.

आवाज नीट येत नव्हता, म्हणून रशीदभाई ओरडून सांगत होते. "गोदाबाई, फिकर नको! सासूबाई बऱ्या हायत! खोकला कमी हाय!"

पलीकडून गोदाबाईंचा आवाज आम्हाला बाहेरसुद्धा ऐकू आला. "तिचं कुणी इचारलं? टेकडीवर कुणी इळा लावला का, ते सांगा!"

सासूबाई बाकड्यावरच बसल्या होत्या, सुनेशी बोलायला मुद्दाम आलेल्या. त्या म्हणाल्या, "तिला सांगा, मी रोज जाऊन बघून येते. खोकला त्याचाच हाय."

*

आता शेवटचा. हा मी जपून सांगतो.

टेकडीच्या उतारावर महादेवाचं देऊळ आहे आणि त्याला लागून बेलाची सात झाडं. दर श्रावणात लोक फांद्याच्या फांद्या ओरबाडून न्यायचे. लाख बेल वाहायचा नवस कुणाचा ना कुणाचा असायचाच. श्रावण संपला की झाडांचे नुसते खराटे उरायचे. दोन झाडं तर वाळायला लागली होती.

आप्पा स्वतः बेल वाहिल्याशिवाय पाणी न पिणारे. तरी त्यांनीच नियम केला. एका घराला दिवसाला पाच पानं, तीही मंडळाचा माणूस तोडून देणार. गाव खवळलं. "आप्पानं देवाला रेशन लावलं!" त्यांच्याच भाऊबंदांनी दुकानाची पायरी सोडली. आप्पा हलले नाहीत.

तिसऱ्या वर्षी आषाढात आप्पांच्या छातीत कळ आली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं. डॉक्टर काही खात्री देईनात. घरी आक्का, म्हणजे आप्पांची बायको, देवापुढे बसल्या आणि लाख बेलाचा नवस बोलल्या.

श्रावणाच्या पहिल्या दिवशी आक्का टेकडीवर आल्या, बरोबर त्यांचे दोन भाऊ पोती आणि कोयते घेऊन. आम्ही तिघं झाडांपाशी उभे होतो. खोटं कशाला सांगू, अडवायची छाती आमच्यात नव्हती. आप्पा वाचणार असतील, तर सातही झाडं मी स्वतः बोडकी केली असती. रशीदभाई म्हणाले, "आक्का, तुमी बसा. आमीच तोडून देतो."

आक्कांनी विचारलं, "घराला किती पानं?"

गोदाबाई हळूच म्हणाल्या, "पाच."

"मग पाचच द्या."

भाऊ चिडले, "आक्का, नवरा हाय तुजा!"

"त्यांचाच नियम हाय," आक्का म्हणाल्या. "आन् बेल शिळा होत न्हाई. धुऊन पुना वाहता येतो."

त्या पिंडीपुढे बसल्या. पाच पानं वाहिली, उचलली, तांब्यातल्या पाण्यात धुतली, पुन्हा वाहिली. प्रत्येक फेरीला ज्वारीचा एक दाणा सुपात. लाख पानं म्हणजे वीस हजार फेऱ्या, हा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि घाबरलो. आक्का रोज पहाटे यायच्या, दुपार कलल्यावर उठायच्या. पाण्यानं बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती.

आप्पांना यातलं काही सांगायचं नाही, अशी आक्कांची आम्हाला ताकीद होती. मी दर रविवारी एसटीनं दवाखान्यात जायचो. आप्पा हळूहळू उठून बसायला लागले होते. त्यांचे दोनच प्रश्न असायचे. पहिला, "बेल कसे हायत?" मी सांगायचो, हिरवेगार. मग जरा थांबून दुसरा, "ही कावून येत न्हाई?" मी म्हणायचो, दुकान बघतात. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला फार वाईट वाटायचं.

श्रावणाच्या शेवटच्या दिवशी त्यांना जीपनं घरी आणलं. ते म्हणाले, आधी टेकडी. आम्ही धरून धरून त्यांना देवळापाशी नेलं. आप्पांनी सातही झाडं खालपासून शेंड्यापर्यंत न्याहाळली. पानंच पानं! एक फांदी मोडलेली नाही.

आप्पा पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरले. आत आक्का पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांच्या पाठीकडे बघत आप्पा म्हणाले, "एवढा मरणाच्या दारातनं आलो. माज्यासाठी कुणी एक नवससुद्धा बोललं न्हाई का गं?"

आक्कांनी मान वळवली नाही. हातातली पाच पानं पाण्यातून काढली आणि म्हणाल्या,

"गप बसा जरा, मोजणी चुकंल!"