न दुखणारं पोट

मी पट्ट्यांच्या कंपनीत कामाला आहे, असं माझ्या नवऱ्याने आमच्या लग्नात एका काकांना सांगितलं, तर त्यांनी मला टेम्पोच्या फॅनबेल्टचा भाव विचारला. चाकणमध्ये पट्टा म्हटलं की माणसाला गाडीच आठवणार, त्यांचा काय दोष? पण आमचा पट्टा गरोदर बाईच्या पोटाला बांधायचा असे. त्यावर बाटलीच्या झाकणाएवढी चकती. पोट कडक झालं की चकतीला ते कळतं आणि शेजारच्या छोट्या स्क्रीनवर रेघ वर चढते, सैल झालं की उतरते. दिवस भरायच्या आधीच बाळंतपण सुरू होऊ पाहत असेल तर डॉक्टरांना त्याचा सुगावा लागावा, म्हणून हा खटाटोप. डबीवर एक ओळ छापलेली असे, ‘आईला न जाणवणारं आकसणंही टिपतो’. ते स्टिकर मी माझ्या हाताने किती डब्यांवर चिकटवलं असेल, देव जाणे.

मी शेवटच्या तपासणीला होते. पट्टा आधी रबरी पोटावर चढवायचा. त्या पोटात हवा भरली की ते कडक व्हायचं आणि रेघेने चढायला हवं. मग तोच पट्टा जिवंत माणसाला बांधून त्याला खुर्चीत बसवायचं. इथे सगळं उलट. माणूस स्वस्थ बसला की रेघ सपाट राहिली पाहिजे. बारीक थरथर चालते, ती श्वासाची असते. टेकाड आलं तर पट्ट्यात खोट. लाल टॅग लावायचा आणि बाजूच्या ट्रेमध्ये टाकायचा.

हा जिवंत माणूस म्हणजे बरेच दिवस आमचे सुपरवायझर सर होते. नुकतेच इंजिनिअर झालेले, काडीसारखे बारीक. शर्टाच्या आत उशी कोंबून बसायचे बिचारे. त्यामुळे मला दिवस गेले आणि पोट दिसायला लागलं, तेव्हा घरच्यांपेक्षा आमच्या लाइनवर जास्त आनंद झाला. माझ्या शेजारच्या टेबलावर एक काकू बसायच्या, मूळच्या लातूरकडच्या. त्या म्हणाल्या, “सर, तुमची उशी न्या आता घरी. आपल्याकडं खरं पोट आलंय की.” मीही हौसेने तयार झाले. दर पट्ट्यामागे थोडा वेळ टेकायला मिळायचं, हा त्यातला खरा फायदा.

सातवा महिना नुकताच लागला होता. आदल्या दिवशी लाइनवरच्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत माझं छोटंसं डोहाळजेवण केलं होतं आणि मी आडवा हात मारून पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. दुसऱ्या सकाळी पहिला पट्टा बांधला तर रेघ सावकाश वर गेली, क्षणभर थांबली आणि सावकाश उतरली. हलले असेन, असं म्हणून नीट बसले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. लाल टॅग. दुसरा पट्टाही तसाच निघाला, मग तिसरा. मला राग आला तो आम्हाला चकत्या पुरवणाऱ्यांचा. मागेही एकदा त्यांनी असाच माल गळ्यात मारला होता. चौथ्या पट्ट्याला टॅग लावताना त्यांना फोनवर काय काय सुनवायचं ते मी मनात जुळवत होते.

नवरा अजून मला विचारतो, तुला शंका कशी आली नाही? नाही आली. मला काहीच होत नव्हतं. पोट दुखत नव्हतं, कंबर भरून आली नव्हती, बाळ आत मजेत लाथा मारत होतं. कळा म्हणजे दुखणार, एवढं तर जगाला ठाऊक आहे. आणि तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्याला रेघ वाकडी दिसली की तो मालाकडे बघतो. त्याचा पगारच त्यासाठी असतो.

ट्रे भरत चाललेला पाहून सर आले. “ताई, सगळाच लॉट रिजेक्ट करायचा विचार आहे का?”

“चकत्या खराब आहेत, सर. मी काय करू?”

“रबरी पोटावर पास झाल्यात सगळ्या.”

“मग तुमचं रबर खराब असेल.”

वाद वाढायला नको म्हणून मी पोटावरचा पट्टा सोडला आणि काकूंना दिला. “काकू, तुम्ही बांधा बरं जरा.” काकूंनी कुर्त्यावरून पट्टा बांधला आणि हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारख्या बसल्या. रेघ सपाट. आम्ही वाट बघितली, तरी सपाटच. तोच पट्टा सोडून मला बांधला, आणि जरा वेळाने टेकाड आलं.

काकू उठल्या आणि त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला.

“दुखायलंय का गं?”

“नाही.”

“आता?”

“नाही हो, काकू.”

“दगड झालाय नुसता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “सुटलं बघ आता.” मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी ठेवला आणि पुढचं टेकाड मलाही तळव्याला लागलं. पोटाला तरीही काही कळत नव्हतं. तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

हॉस्पिटलवाल्यांसमोर हाच विषय तास तास समजावून सांगणारे आमचे सर पांढरेफटक पडले. गाडीची किल्ली हातात धरून ते खिशात किल्ली शोधत होते. त्यांनीच मला चिंचवडला नेलं. काकू माझ्याजवळ मागच्या सीटवर बसल्या. चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे कंटेनर आडवे-तिडवे अडकले होते. पट्टा पोटावर तसाच होता, त्याला लाल टॅग लोंबत होता, आणि स्क्रीन माझ्या मांडीवर. दर टेकाडाला मी बाळाला म्हणत होते, थांब रे राजा, एवढ्यात नको येऊस.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम शांत होत्या. त्यांनी आधी कापसाच्या काडीने आतला ओलावा घेऊन एका पट्टीवर तपासला. ही पट्टी ‘नाही’ म्हणाली तर बहुतेक निर्धास्त राहता येतं, त्यांनी सांगितलं, पण ‘हो’ म्हणाली तर तिच्या एकटीवर विसंबता येत नाही. माझी ‘हो’ म्हणाली. मग आतून सोनोग्राफी करून त्यांनी गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजली. ती असायला हवी त्यापेक्षा बरीच कमी भरली.

“किती मिलिमीटर?” मी विचारलं. “आणि लिमिट किती?”

“कुठे काम करता?”

“कंपनीत. क्वालिटीला.”

“तरीच,” त्या हसल्या. “ही लिमिट पास-नापासची नाही हो. तोंड जितकं आखूड, तितकी भीती जास्त, एवढंच हे माप सांगतं. याच्याहून आखूड असून दिवस भरलेल्या बायका मी पाहिल्यात. याच्याहून बरं असून लवकर मोकळ्या झालेल्याही.”

मला त्यांचा राग आला. मोजायचं आणि निकाल द्यायचा नाही, ही कसली तपासणी? आमच्याकडे असं केलं तर दुपारपर्यंत घरी पाठवतील. आता कळतं, पण त्या दिवशी मला फक्त ‘बाळ वाचेल’ एवढे दोन शब्द हवे होते आणि ते त्यांच्याकडे नव्हते.

आकसणं थांबवायला गोळ्या दिल्या, आणि बाळ लवकर आलंच तर त्याची फुप्फुसं तयार असावीत म्हणून मला इंजेक्शनं दिली. नवरा शिफ्ट अर्धी टाकून आला, पायात सेफ्टी शूज तसेच. माझ्याकडे बघायच्या आधी त्याने स्क्रीनकडे बघितलं. दवाखान्याचा पट्टा दुसऱ्या कंपनीचा होता आणि बकल आमच्यापेक्षा चांगलं होतं, हे मी तेवढ्यातही बघून ठेवलं. हळूहळू टेकाडं विरळ झाली, मग थांबली, आणि काही दिवसांनी मला घरी सोडलं.

पहिलटकरणीने सातव्यानंतर माहेरी जायची आमच्याकडे रीत आहे. माझं माहेर चाकणच्या पलीकडच्या गावात. त्या रस्त्याच्या खड्ड्यांतून नको, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे माहेरच माझ्याकडे आलं. म्हणजे आई आली, बाजरीचं पीठ, लसूण आणि स्वतःचा तवा घेऊन. सरांनीही एक नवा पट्टा काकूंबरोबर पाठवला. मी तो सकाळी बांधायची, दुपारी बांधायची, टीव्ही बघताना बांधायची. “आवळू नगं त्या पोराला,” असं म्हणत आई चिडायची. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर त्यांनी पट्टा कपाटात ठेवायला लावला. घरी दिवसभर बांधून हाती काही लागत नाही, भीती तेवढी वाढते, म्हणाल्या. पट्टे बनवणारीला हे ऐकणं जड गेलं, पण ते खरं होतं. माझी झोप उडाली होती.

पट्टा कपाटात गेला आणि मग फक्त आईचा प्रश्न उरला. ती सकाळ-संध्याकाळ विचारायची, “दुखतंय का गं?” मी ‘नाही’ म्हटलं की ती निवांत कामाला लागायची. तिच्या दृष्टीने विषय संपला. मी मात्र त्या ‘नाही’पाशीच अडकून पडायची. दुखत नाही म्हणजे काय? तेव्हाही दुखत नव्हतं. मग पोटावर तळवा ठेवून बसायची आणि पोट मऊ लागलं की देवाचे आभार मानायची. आठवा सरला तो असा. तपासणीत तोंडाचं माप हळूहळू आणखी घटत होतं, पण बाळ वाढत होतं. नववा अर्धा झाल्यावर एकदा डॉक्टर म्हणाल्या, “आता कधीही आलं तरी माझी हरकत नाही.”

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी आई ओट्याशी भाकरी थापत होती आणि मी शेजारी उभी राहून लसूण सोलत होते. कमरेतून एक कळ निघाली आणि पोटाला वेढा घालून पुढे आली. चांगली सणसणीत. मी ओट्याची कड धरली. ती ओसरली आणि मला हसू फुटलं, ते आवरेना.

“काय झालं गं?” पिठाचे हात तसेच ठेवून आईने विचारलं.

“आई, दुखतंय.”

“मंग हसतीस कशाला येड्यावानी?”

मला सांगता येईना. दुसरी कळ आली, पहिलीपेक्षा मोठी, आणि मी रडायलाच लागले. “लई दुखतंय, आई, खरंच लई दुखतंय,” मी तिचा दंड धरून पुन्हा पुन्हा सांगत होते, कुणी घरात येऊन आनंदाची बातमी सांगावी तसं.