रजिस्टरातली ‘आई’

आईच्या गुडघ्यासाठी ऑनलाइन मागवलेली नी-कॅप आमच्या गुडगावच्या फ्लॅटवर आलीच नाही. कंपनी म्हणाली, कुरिअरने पोहोचवली. कुरिअरवाला म्हणाला, गेटवर गार्डला दिली. जबाबदारी मात्र प्रत्येकाने वेळेत पुढे पोहोचवली होती. गार्डने रजिस्टर दाखवलं. आमच्या फ्लॅट नंबरपुढे लिहिलं होतं, ‘आई’.

दोन दिवस मी आईची उलटतपासणी घेतली. बिचारी तांदळाच्या डब्यातसुद्धा शोधून आली. शेवटी वैतागून मी गार्डला विचारलं, “माताजी को कब दिया?”

“माताजी को कहाँ, साब? डिलिवरी आई, तो ‘आई’ लिख दिया.”

“फिर गई कहाँ?”

“वो तो कंपनी जाने.”

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “कंपनीचं राहू दे. मला विसराळू ठरवलंस, त्याची तक्रार कुठे करू?”