भिंतीवरचा बाप

मालगुजाराच्या पोरीचं लग्न होतं. बाहेरच्या भिंतीवर हत्ती काढायला मला बोलावलं. मी तेव्हा वीस वर्षांची. गेरू, चुना, काजळी आणि बाभळीची चघळलेली काडी. दोन दिवस उन्हात उभं राहून चार हत्ती काढले.

मालगुजारीण ओसरीवरूनच म्हणाली, "लय नामी काढले." मग गड्याकडं वळली. "आता त्याच्यावर पाणी मार. महारणीचा हात लागला."

गड्यानं बादली रिकामी केली. ओला गेरू ओघळला. हत्तींचे पाय मातीत गेले. पाहुण्या बाया हसल्या.

घरी बापाला सांगितलं. तो खाली पाहत राहिला. "आपलं तं असंच असते, बाई."

त्याचा जन्म वेठीत गेला होता. मालगुजार घोड्यावर, हा पुढं अनवाणी, आर्वीपर्यंत पळत. हाक आली की ताटावरून उठायचं.

पुढं आम्ही नागपूरला जाऊन धम्म घेतला. परत आल्यावर वस्तीनं सभेसाठी मातीची खोली बांधली. भिंती मी सारवल्या. सगळे म्हणाले, कमळ काढ.

मी बाप काढला. तोंड उघडं, बरगड्या बाहेर, जीव खाऊन पळणारा. मागं घोडा. घोड्यावर मालगुजार, त्याच्या मिशांसकट.

दुसऱ्या दिवशी त्याचा दिवाणजी आला. आत पाऊल न टाकता बोलला, "मालक म्हणते, पुसा. नाईतं वावरात पाय ठेवू नोका."

आमचेच म्हातारे घाबरले. "काऊन उकरून काढतं, पोरी? आपल्यालेच लाज वाटते. पुसून टाक."

"लाज आपली नोहे," मी म्हणाले.

तेवढ्यात बाप आला. भिंतीपुढं कितीतरी वेळ उभा राहिला. मग वाकून चित्रातल्या टाचेवर बोट ठेवलं.

"इथं काटा रुतला होता. थांबू नाई देल्लं त्यानं. तो काटा कुठी हाय?"

मी काजळीत काडी बुडवली. बापाच्या बोटाशेजारी काटा काढला.

कापसाच्या वेचणीला आमच्या वस्तीतल्या कोणालाच बोलावलं नाही. चुली थंड पडल्या. काही बायांनी मला शिव्या दिल्या. मी ऐकल्या, आणि दुसरी भिंत सारवायला घेतली. ज्यानं जे केलं, ते त्याच्या चेहऱ्यासकट काढीन. हात चालतो तोवर.