खणखणीत बोला

समोरची बाई रडायला लागली की साहेब पाणी प्यायचे. तिला द्यायचे नाहीत, स्वतः प्यायचे. टेबलावरचा ग्लास उचलून, सावकाश, घोट घोट. मग ग्लास खाली ठेवून म्हणायचे, "रडून झालं की सांगा. कोर्टाला रडणं नको असतं, खणखणीत बोलणं हवं असतं."

लखनऊच्या कौटुंबिक न्यायालयात मदत कक्षाच्या टेबलाशी आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो. आम्ही वकील नव्हतो. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यासाठी आलेल्या माणसाला कुठला अर्ज कुठं द्यायचा, फुकट वकील कसा मिळतो, तारखेला काय घेऊन यायचं, एवढं सांगायचं आमचं काम. मी रेल्वेतल्या नवऱ्यामागून या गावात आले आणि घरात बसवेना म्हणून हे शिकले. साहेब केंद्र सरकारच्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन गोमती नगरात फ्लॅट घेऊन राहिले होते. काही माणसं निवृत्त होतात, पण त्यांचा हुकूम निवृत्त होत नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

ऐकून घेणं त्यांना जमायचंच नाही. बाई दोन वाक्यं बोलली की तिसरं ते बोलायचे. एकदा मलिहाबादहून एक बाई आली. नवरा मारतो, हे सांगायला ती कुठून कुठून बस बदलत आली होती. साहेबांनी तिला यंदा दशहरी आंब्याला मोहर कसा आहे ते विचारलं, समेटाचे फायदे सांगितले आणि परत पाठवलं. ती पुन्हा दिसली नाही. उन्हाळ्यात आमच्यासाठी ते दशहरीची पेटी आणायचे, एकेक फळ हुंगून, हलक्या हातानं दाबून निवडलेलं. आंबे चांगले असायचे, हे मी नाकारत नाही.

गणपतीत इथली मराठी मंडळी जमतात आणि मुलांची वक्तृत्व स्पर्धा होते. आमची पोरं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. त्यांच्याकडून भाषणं पाठ करून घेण्याचा मक्ता साहेबांचा. हात मागे, मान वर, नजर समोर, आणि शेवटी 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.' पोरांना अर्थ कळत नसे, आईबाप टाळ्या वाजवत आणि साहेब पहिल्या रांगेत बसून पोरांबरोबर ओठ हलवत. तिथवर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग बँकेत नोकरी करणारी एक अकोल्याची मुलगी आमच्या टेबलाशी आली. साहेबांना काका म्हणायची. नवऱ्यापासून वेगळी राहत होती आणि आठ वर्षांची लेक तिच्याजवळ होती. आता नवऱ्यानं लेकीचा ताबा मागितला होता. त्याचं म्हणणं एकच, की ही पोरीचं मन माझ्याविरुद्ध भरवते. तो स्वतः सदा दौऱ्यावर, म्हणजे पोर राहणार आजीच्या हाताखाली, आणि त्या आजीला पोर घाबरायची.

न्यायाधीश लेकीला आपल्या खोलीत बोलावून एकटीशी बोलणार होत्या. आईच्या वकीलबाईंनी बजावलं होतं की पोरीला काहीही शिकवू नका, तिच्या मनात असेल ते बोलू दे. मीही तेच म्हटलं. साहेब हसले. "वहिनी, पोर अडखळलं की केस गेली," म्हणाले. आणि उंटावरच्या या शहाण्यानं पोरीला रोज संध्याकाळी फ्लॅटवर बोलवायला सुरुवात केली. आईला घरी उजळणी घ्यायला लावली. बुडणारी बाई ती. काका एवढे मोठे अधिकारी होते, त्यांना कळत असेल, असं तिला वाटलं.

तारखेच्या दिवशी न्यायाधीशांच्या खोलीबाहेरच्या बाकावर पोर माझ्याशेजारी पाय हलवत बसली होती. आपणहून सांगायला लागली, "आंटी, रात को मेरी टाँगें दुखती हैं ना, तो मम्मी दबाती है. दबाते-दबाते खुद सो जाती है. फिर मैं उसको चादर ओढ़ाती हूँ."

साहेबांनी ते ऐकलं. "ये सब फालतू अंदर नहीं बोलना," ते म्हणाले. "जो याद किया है वही. खणखणीत."

पोरीला आत घेऊन मीच गेले. न्यायाधीशांनी मला दाराशी बसायला सांगितलं आणि पोरीला जवळ बोलावून विचारलं, "बेटा, घर में किसके साथ अच्छा लगता है?" पोर जवळ गेली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात मागे बांधले, मान वर केली.

"आदरणीय न्यायाधीश महोदया, आज मैं आपके समक्ष अपने मन की व्यथा रखने जा रही हूँ." पुढं बाप कसा निर्दयी, आई कशी त्यागमूर्ती, सगळं एका दमात झालं. "इतना कहकर मैं अपने दो शब्द समाप्त करती हूँ. जय हिंद."

आणि ती टाळ्यांची वाट बघत उभी राहिली.

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, ये किसने सिखाया?"

"अंकल ने," पोर खुशीत म्हणाली. "और मम्मी रोज़ याद करवाती थी."

नवऱ्याला जे सिद्ध करता आलं नसतं, ते साहेबांनी करून दिलं. आम्ही बाहेर आलो तर त्यांनी मला विचारलं, कुठं अडखळली का? नाही म्हटलं. तेव्हा आईकडे वळून म्हणाले, "बघ, मी सांगितलं नव्हतं?"

निकाल लागेपर्यंत मुलगी वडिलांकडे राहील आणि आईनं तिला शनिवारी न्यायालयातच भेटावं, असा आदेश झाला. आई भिंतीला टेकून उभी राहिली. न्यायाधीशांना भाषेची जाण नाही, एवढं बोलून साहेब पाणी प्यायले. मला त्या माणसाचा इतका तिटकारा आला की त्यानंतर मी त्यांच्याकडून साधा पेनही घेतला नाही.

पुढच्या वर्षी ते मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. मंडळींनी शाल-नारळ देऊन निरोप दिला. मी गेले नाही. पुण्याहून एकदा त्यांचा फोन आला. त्या मुलीचं काय झालं, असं त्यांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत सोसायटीतल्या पोरांना कशी भाषणं शिकवतोय ते सांगू लागले. मी फोन टेबलावर ठेवला. तो बराच वेळ बोलत होता.

शनिवारी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत मी दाराशी बसते. परवा आईनं डबा उघडला, लेकीला जवळ ओढलं आणि विचारलं, "कशी आहेस गं?" पोरीनं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली,

"मम्मी, यहाँ क्या बोलना है?"