तोंडभर पाणी

"तहान लागू दे की जरा," असं म्हणत परीट बाबा आधी रोपांच्या डब्यातल्या मातीत करंगळी घालून बघायचे. माती कोरडी लागली तरच तांब्याला तोंड लावायचे. पाणी प्यायचे मात्र नाहीत. गाल फुगवून ओठ आवळायचे आणि इस्त्रीच्या खाकी शर्टावर फुर्रर्र करून बारीक धुकं उतरवायचे. पुढचा घोट खिडकीतल्या रोपांना. परटाचा तो फवारा तुमच्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिला असेल.

पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते, त्या एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांची ही गोष्ट. आमचे हे कंपनीत लागले आणि मी नवी नवरी पत्र्याच्या खोलीत राहायला आले. भिंतीपलीकडे हे परीट बाबा, एकटेच. थंडीत बाहेर बी लवकर रुजत नाही, आणि रुजलंच तर कोंबड्या ठेवत नाहीत. म्हणून त्यांची वांग्याची रोपं इस्त्रीच्या टेबलाशेजारी, कोळशाच्या उबेला. खिडकीतून कोवळं ऊन यायचं, ओल्या कापडाची वाफ वर चढायची आणि त्या वाफेत ती दोन-दोन पानांची रोपं डुलत असल्यासारखी वाटायची. मी हातातलं काम टाकून बघत राहायचे. अजूनही डोळे मिटले की ती खोली तशीच समोर येते.

बी त्यांच्या बायकोचं. लग्नानंतर तिनं माहेराहून पदराच्या गाठीत बांधून आणलेलं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण दरसाल एक वांगं झाडावरच पिकवून ते बी राखायचे.

"ह्ये बी संपलं म्हंजी ती खरी गेली, सूनबाई," एकदा कॉलरवरची सुरकुती मोडता मोडता म्हणाले.

मग त्यांचे पुढचे दात पडले. म्हातारपणी पडतातच, त्यात काय एवढं? पण फवाऱ्याची धार झाली. शर्टांवर ओघळ आले, गिऱ्हाइकं कुरकुरली, ते एकवेळ चाललं. एका सकाळी मात्र त्या धारेखाली निम्मी रोपं आडवी झाली. उरली नऊ. डबीतलं बीही सरलेलं. त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं.

"सूनबाई, तुझं दात शाबूत हायेत न्हवं?"

आता सांगा, डोक्यावर पदर घेऊन वडीलधाऱ्यासमोर गाल फुगवायचे म्हणजे काय. लाजेनं मेले मी. पहिला फवारा माझ्याच पदरावर पडला, दुसरा त्यांच्या धोतरावर.

"बाबा, हातानं शिंपडते की."

"न्हाई. हाताचा थेंब जड. कंबर मोडती त्येंची."

आठवडाभर मी घरात तव्यावर सराव केला. आमचे हे बघत बसायचे. शेवटी एकदा धुकं जमलं. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "व्हय. आसंच." तेव्हापासून रोज सकाळी करंगळी त्यांची आणि फवारा माझा.

रोपं चार पानांवर आली तेव्हा त्यांच्या छातीत कफ दाटला. एका सकाळी भिंतीवर थाप आली नाही.

त्यांना पोचवून माणसं परतली आणि मी त्या खोलीत शिरले. इस्त्री गार पडली होती. मातीत करंगळी घातली, कोरडी लागली. तोंडभर पाणी घेतलं, पण ओठच थरथरायला लागले आणि सगळं पाणी हनुवटीवरून ओघळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ना नात्याचे ना गोत्याचे, पण माझा फार जीव होता त्यांच्यावर. तिथंच टेबलाला धरून मी पोटभर रडले.

तिसऱ्यांदा ओठ आवळले गेले. नऊच्या नऊ रोपांवर धुकं उतरलं. आणि आता ते "व्हय" म्हणतील म्हणून मी सवयीनं मागं वळून पाहिलं.