शिंपीकाकांच्या रेघा

मोताळ्यात शाळेसमोर बसणारे शिंपीकाका मतदानादिवशी बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "कोणाले देलं, अन् काऊन?" उत्तर आलं की काळ्या कापडावर खडूची रेघ. रस्ता, विहीर, दवाखाना. प्रत्येक कारणाची रांग वेगळी.

मी चौथीत शाळा सोडून कोकणातून इथल्या कापसाच्या जिनिंगवर कामाला आलेला. मालकांनी सांगितलेला माणूस सोडून मी दवाखाना आणतो म्हणणाऱ्याला मत दिलं होतं. माझं मत आजवर कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून काकांना सांगून बसलो. तेवढ्यात मालकांचे मुनीम आले.

"यातली आमच्या गड्याची रेघ कोणती?"

काकांनी कापड झटकलं, वर तळहात घासला. दिवसभराच्या सगळ्या रेघा गेल्या.

"आता काय याद राह्यते, मुनीमजी?"

ते गेल्यावर काका हळूच म्हणाले, "दवाखानेवाले लय निघाले बे. एकटा नाही तू."